शेगडी अंगणात, ऊब खोलीत



मार्गशीर्ष लागला की आपल्या नाशिक भागात सकाळ कशी असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला ही बातमी राज्यभर जाते. रात्रीच्या वेळी द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, वेलींना गारठा बाधू नये म्हणून बागेला पाणी सोडलं जातं. द्राक्षाची एवढी काळजी घेणारे आपण, पण सकाळी आठ वाजता पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या बोटांची काळजी कोण घेतं? बोटं आखडलेली असतात, सुईत दोरा जात नाही. मशीनमधलं तेलसुद्धा थंडीनं घट्ट होतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं मशीन जड चालतं. हात धड वळत नसले की सुई बोटात घुसायला वेळ लागत नाही.

आजच्या बोलण्याला कारण आहे एक प्रश्न. चार मशीन असलेल्या एका बचत गटातल्या मैत्रिणींनी तो आपल्या केंद्राकडे पाठवला. त्यांची खोली दहा बाय बाराची. भिंती विटांच्या, वर पत्रा. यंदा त्यांनी पैसे साठवून पत्र्याखाली थर्मोकोल बसवायचं ठरवलं आहे, भिंतींनाही आतून लावणार आहेत, फटी बुजवणार आहेत. फार चांगलं केलं. पुढे त्या विचारतात, ‘एवढं झाल्यावर सकाळी दोन तास कोळशाची शेगडी आत ठेवली तर खोली छान तापेल ना? विजेचं बिल वाचेल.’

मैत्रिणींनो, उत्तर आधीच सांगते, म्हणजे कोणी मध्येच रेडिओ बंद केला तरी ते कानावर पडलेलं असेल. नाही. बंद खोलीत शेगडी ठेवायची नाही. आणि थर्मोकोल लावून फटी बुजवलेल्या खोलीत तर मुळीच नाही.

कोणी म्हणेल, आमची आजी आयुष्यभर शेगडीशेजारी बसली, तिला काही झालं नाही. खरं आहे. पण आजीचं घर आठवून बघा. वर कौलं, कौलांमधून उजेडाच्या तिरिपी यायच्या. चुलीच्या वर धुराडं किंवा झरोका. दाराच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. आजीच्या घरात वारा खेळत होता, म्हणून तिची शेगडी चालून गेली. आपण आता करतोय ते बरोबर उलटं. आपण वाऱ्याच्या सगळ्या वाटा बंद करतोय. उबेला जायला वाट उरत नाही, तशी विषारी वायूलाही उरत नाही. खोली जितकी चांगली बंद, तितकी शेगडी जास्त घातक. एवढं एक वाक्य आज ध्यानात ठेवा.

या वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, गोवरी, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर निघतोय तोवर आपण सावध असतो, शेगडी बाहेर ठेवतो. धूर थांबला, निखारे लालभडक झाले की म्हणतो, आता आत घ्या. नेमके तेच निखारे हा वायू भरपूर सोडत असतात. वर राख साचली, विझल्यासारखे दिसले, तरी सोडतच असतात. आपल्या रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा जो भाग आहे, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास तर चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही.

याची लक्षणं साधी वाटतात, तिथेच फसगत होते. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातापायांतली शक्ती जाते, झोप येते. एकटी बाई म्हणते, पित्त झालं असेल. पण एका खोलीत बसलेल्या दोघी-तिघींचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त नाही. लगेच दारं-खिडक्या उघडा, सगळ्या जणी बाहेर मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. कोणी बेशुद्ध असेल तर तिला बाहेर ओढून आणा, पण आपण स्वतः आत रेंगाळू नका. दवाखान्यात ‘खोलीत शेगडी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर उपचार ऑक्सिजनचा आहे, आणि डॉक्टरांना कारण कळलं तर वेळ वाया जात नाही. गटात कोणी गरोदर असेल तर अधिकच जपा, कारण पोटातल्या बाळाला या वायूचा धोका आईपेक्षाही जास्त असतो.

दोन गैरसमज आपल्याकडे फार आहेत. पहिला, शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं की वायू पाण्यात जातो. नाही जात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पातेल्यानं हवेतला कोरडेपणा कमी होईल, तेवढंच. दुसरा, दार जरा लोटून ठेवलं की भागतं. वारा कुठल्या दिशेला आहे, शेगडी कुठे आहे, निखारे किती आहेत, यावर सगळं अवलंबून. फट पुरेशी आहे की नाही हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. आणि गॅसची शेगडी पेटवून खोली तापवणं हेही त्याच माळेतलं. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बातम्या येतात, बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. आपल्याकडची थंडी तेवढी कडक नसली तरी वायू तोच आहे.

बरं, मग खोली तापवायची कशी? त्यासाठी आधी हिशोब करू. वही-पेन असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

सकाळी बाहेर आठ अंश आहे, आपल्याला खोलीत वीस अंश हवं आहे. म्हणजे फरक बारा अंशांचा. खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट. वर नुसता पत्रा असेल, तर एकट्या पत्र्यातून सतत साधारण साडेआठशे वॅट उष्णता निसटते. साडेआठशे वॅट म्हणजे जवळजवळ एक इस्त्री अखंड चालू ठेवावी, तेवढी. नऊ इंची विटांच्या भिंतींतून आणखी आठशे. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट, दाराखालची फट, खिडकीची न बसणारी झडप, यांतून तीन-चारशे. दार आणि खिडकीच्या काचेतून थोडी. बेरीज दोन हजार वॅटच्या पुढे गेली. म्हणजे दोन हजार वॅटचा हीटर रात्रंदिवस चालवला तरी खोली जेमतेम ऊब धरणार. तळ फुटलेल्या हंड्यात पाणी ओतण्यातलाच हा प्रकार.

आता पत्र्याखाली दोन इंच जाडीचा थर्मोकोल लावला. पत्र्यातून जाणारे साडेआठशे वॅट शंभराच्या आत येतात. भिंतींना आतून एक इंच लावला तर आठशेचे साडेतीनशेच्या आसपास होतात. फटी बुजवल्या, एक झरोका तेवढा ठेवला, तर तिथलाही खर्च निम्म्याहून कमी. एकूण बेरीज सातशे-साडेसातशे वॅटवर येते.

इथे एक गंमत आहे. आपण स्वतः हीटर आहोत. बसून काम करणारी बाई साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असते. चौघी बसल्या की चारशे वॅट झाले, तेही फुकट. मशीनच्या मोटारी, दिवा, मधूनमधून चालणारी इस्त्री, यांचीही थोडी भर पडते. मग हीटरकडून मागायचे उरले फक्त तीनशे-चारशे वॅट. म्हणजे जो हीटर आधी दिवसभर धापा टाकत होता, तो आता सुरुवातीला अर्धा तास चालेल आणि मग बंद-चालू होत राहील.

पैशांत सांगते. हिशोबाला सोपं म्हणून युनिट दहा रुपये धरू. तुमच्या बिलावर जो दर असेल तो तुम्ही घाला. एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट होतं. उघड्या पत्र्याच्या खोलीत रोज तीन तासांचे पाच युनिट लागतील, म्हणजे पन्नास रुपये. बंदोबस्त केलेल्या खोलीत एक ते दीड युनिट, म्हणजे दहा ते पंधरा रुपये. चौघींत वाटलं तर प्रत्येकीला एका चहाहून कमी. एवढ्या पैशांसाठी निखाऱ्यांशेजारी बसायचं कारण नाही.

कोणी विचारेल, थंडी तर दोनच महिने, त्यासाठी थर्मोकोलचा खर्च का? कारण तोच थर्मोकोल एप्रिल-मे मध्ये पत्र्याची आग खाली येऊ देत नाही. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही म्हणून जे काम बंद पडतं, ते चालू राहतं. पावसाळ्यात पत्र्याचा आवाजही कमी होतो. दोन महिन्यांचा नव्हे, बारा महिन्यांचा हिशोब धरा.

आता थर्मोकोल कसा लावायचा, त्यात काय सांभाळायचं.

टीव्हीच्या खोक्यातला किंवा मखराचा थर्मोकोल आणू नका. तो भराभर पेटतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. दुकानात ‘इन्सुलेशनचा, आग लवकर न पकडणारा’ असं स्पष्ट सांगून मागा. आणि तोही उघडा ठेवायचा नाही. त्यावर जिप्सम बोर्ड किंवा सिमेंटची शीट लावून घ्या. कापड, दोरा, कातरण असलेल्या खोलीत यात तडजोड नको. विजेच्या वायरी थर्मोकोलमध्ये दाबून टाकू नका, वायर तापते आणि तिचं आवरण खराब होतं. वायर पाइपातून, बाहेरून दिसेल अशी न्या.

दोन तुकड्यांमधल्या सांध्यांना चिकटपट्टी लावा. पहाटे पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, कारण रात्रभर तो उघड्या आभाळाकडे उष्णता टाकत असतो. खोलीतल्या श्वासाची, इस्त्रीच्या वाफेची ओल सांध्यातून पत्र्यापर्यंत पोचली की तिथे थेंब धरतात. मग पाणी झिरपतं, बुरशी येते आणि तयार कपड्यांवर डाग पडतात.

ज्यांना यंदा एवढा खर्च जमणार नाही, त्यांनी निराश होऊ नका. आधी फटी बुजवा, ते सगळ्यांत स्वस्त. दाराखाली कापडाची लांब गुंडाळी ठेवा, चौकटीला रबराची किंवा स्पंजाची पट्टी चिकटवा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून मांडवासारखं कापडाचं छत ताणा. कापड आणि पत्रा यांच्यामधली अडकलेली हवा बरीच ऊब धरते. मात्र असं छत असेल तर लाल तापणारा हीटर त्या खोलीत नको. दाराला जुनी गोधडी पडद्यासारखी टांगा. फरशी फार गार असते, म्हणून पायांखाली लाकडी पाट किंवा जाड सतरंजी घ्या. पूर्वेची खिडकी ऊन आल्यावर उघडा, त्याआधी नाही. आणि गटाचं वेळापत्रक तुमच्याच हातात असेल तर पौषात कामाची वेळ आठऐवजी साडेनऊची करा. काज-बटण, हातशिलाई, दोरे कापणं ही कामं अंगणातल्या उन्हात होतात. उन्हाचं बिल येत नाही.

आता हीटर. दुकानदार सांगेल, हा हीटर कमी विजेत जास्त तापतो. त्यावर विश्वास ठेवू नका. हजार वॅटचा कुठलाही हीटर हजार वॅटच उष्णता देतो. फरक असतो तो ती कशी देतो यात. लाल कांड्यांचा हीटर समोरच्या माणसाला शेकतो, पण त्याच्या कांडीवर कापडाचा तुकडा पडला तर पेटतो. पंख्याचा हीटर खोली चटकन गरम करतो, पण दोऱ्याचं पीस आत ओढतो आणि उडवतोही. तिसरा तेलाचा, पांढऱ्या फण्या-फण्यांचा. यात तेल आत कायमचं बंद असतं, ते जळत नाही, भरावंही लागत नाही. तो सावकाश तापतो, लाल होत नाही, बंद केल्यावरही काही वेळ ऊब देतो. किंमत जास्त असते, पण शिवणाच्या खोलीला माझ्या मते हाच बरा. काम सुरू करण्याआधी अर्धा तास लावा. थर्मोस्टॅट असलेला घ्या, म्हणजे खोली तापली की तो आपोआप थांबतो. आयएसआय खूण पाहून घ्या.

कोणताही हीटर असो, सभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवा. त्यावर ओला कपडा वाळत घालायचा नाही. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या. कातरणाची टोपली दुसऱ्या कोपऱ्यात. शेवटी जी बाई कुलूप लावते, तिनं हीटरची पिन काढलेली पाहूनच कुलूप लावायचं. एकीनं म्हणायचं, ‘पिन काढली’ आणि दुसरीनं पाहायचं.

विजेच्या जोडणीचं ऐका. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. घरातला नेहमीचा छोटा प्लग सहा अँपिअरचा असतो. त्यात हा हीटर लावला तर प्लग वितळतो. हीटरला सोळा अँपिअरचा मोठा प्लग हवा, अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावायचा नाही. आणि शिवणाच्या खोलीत इस्त्री असतेच. हजारची इस्त्री आणि हजारचा हीटर एकाच बोर्डावर म्हणजे पुन्हा नऊ अँपिअर. दोघांना वेगळी लाइन द्या. वायरमनला बोलवाल तेव्हा गळता करंट ओळखून वीज तोडणारा स्विच बसवायला सांगा. ते त्याला आरसीसीबी म्हणतात. वायरमन ‘चालतंय हो ताई’ म्हणाला तर म्हणायचं, ‘दादा, चालतंय ते ठीक, पण तुम्ही बसवूनच द्या.’

एक शेवटची गोष्ट, हवा. शेगडी नसली तरी चौघींचा श्वास बंद खोलीत साचतो. डोकं जड होतं, जांभया येतात. म्हणून एक झरोका कायम उघडा ठेवा, त्यावर फक्त जाळी. आणि दर तासाला पाच मिनिटं दार-खिडकी पूर्ण उघडा. ऊब जाईल अशी भीती नको. हवा बदलते, पण सामान, फरशी, मशीन तापलेलीच असतात, त्यामुळे दार लावल्यावर खोली थोड्याच वेळात पुन्हा उबदार होते. त्या पाच मिनिटांत उठा, बोटं मोकळी करा, पाठ ताणा.

आणि शेगडी? तिला टाकून देऊ नका. ती अंगणात ठेवा, आभाळाखाली. चहाच्या सुट्टीत तिच्याभोवती बसा, हात शेका, हुरडा भाजा, गप्पा मारा. तिथे तिचा काही दोष नाही. मात्र सुट्टी संपली की निखाऱ्यांवर पाणी ओता, ते पूर्ण विझवा आणि मगच आत या. संध्याकाळी ‘थोडे निखारे उरलेत, घेऊन जाऊ घरी, मुलांच्या खोलीत ठेवू’ असं कोणी म्हणालं, तर तिला थांबवा. झोपलेल्या माणसाला डोकं दुखतंय हेही कळत नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. एक, पहाटे खोलीत उभं राहून ओला हात फटींजवळ फिरवा. जिथे गार लागेल तिथे खडूनं खूण करा आणि त्या फटी बुजवा. दोन, मोठा प्लग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तीन, शेजारच्या ज्या घरात आजी, बाळंतीण किंवा नवं बाळ आहे, तिथे जाऊन शेगडी कुठे ठेवतात ते विचारा. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी देतात, खोलीही बंद ठेवतात. तिथे ही गोष्ट नीट, न रागावता सांगा. शेकायचं तर गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. सासूबाईंनी ऐकलं नाही तर म्हणा, रेडिओवर सांगितलं आहे.

मैत्रिणींनो, ऊब म्हणजे फक्त सुख नाही, त्यावर आपलं काम आणि आपल्या हातचा पैसा अवलंबून आहे. ती मिळवा, पण जीव मुठीत धरून नको. तुमचे प्रश्न केंद्राकडे पाठवत राहा. नमस्कार.